सकाळी हा डोंगर कुठे होता?

मुलांनो, जूनच्या सायकल सहलीत परत येताना तुमची जी दमछाक झाली, तिला आम्ही शिक्षक जबाबदार आहोत. आमचे गणित चुकले. ते आज तपासू.

पिट्सबर्ग ते मेरीलँडमधले कंबरलंड अशी १५० मैलांची सायकलवाट आहे, ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. तिच्या बऱ्याच भागावर १९७५ पर्यंत वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या गाड्या धावत. पुढे तिथे बारीक खडी दाबून बसवली. २०१३ साली सगळी वाट जोडून पूर्ण झाली.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून रेल्वे उभा चढ घेत नाही. डोंगराला वळसा घालते, नाहीतर बोगदा खणते. मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट १८६३ साली सुरू झाला. तिथे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट चढ येतो, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. आजोळी जाताना तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असतील.

कंबरलंडहून माथ्यापर्यंत सुमारे २४ मैलांत साधारण १,७५० फूट चढायचे असते. म्हणजे सरासरी ७० फुटांना १ फूट. एवढा चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना मात्र कळतो!

आपण निघालो फ्रॉस्टबर्गहून. कंबरलंडपर्यंतचे १५ मैल उताराचे, पायडल जवळजवळ मारावेच लागले नाही. दशम्या-चटणी खाऊन परत फिरलो आणि तोच उतार चढ झाला. पाणी संपले. एका काकांनी दोन सायकली ढकलत आणल्या. धाकट्या गटातली एक जण रडवेली होऊन म्हणाली, "सकाळी हा डोंगर कुठे होता?"

पुढची सहल कंबरलंडहून सुरू करू. दमेपर्यंत वर जायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. पालकांनी प्रत्येकाला पाण्याच्या दोन बाटल्या आणि सायकलला दिवा द्यावा. वाटेतल्या ब्रश बोगद्यातून पर्यटकांची आगगाडीही जाते. ती येत असेल तर सर्वांनी बाहेरच थांबायचे.

घरचा अभ्यास : पिट्सबर्गच्या बाजूने माथा १२६ मैलांवर आहे आणि चढ सुमारे १,६७० फूट. मैलाचे ५,२८० फूट धरा. किती फुटांना १ फूट?