पुस्तक कर्नाटकाचं, व्हिडिओ कुठला?

प्रश्न : मंठाळ (ता. बसवकल्याण) इथे मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात वापरता येईल असं ऑनलाइन काय आहे? नेट जेमतेमच.
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचा अभ्यासक्रम कर्नाटकाचा. त्यामुळे धडे महाराष्ट्राच्या बालभारतीवरून आखू नका. मराठी माध्यमाची पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतात. बालभारती पूरक वाचनाला ठेवा. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक पोर्टलवर (२०१७) मात्र व्हिडिओंसाठी खुशाल बोर्ड बदलून महाराष्ट्रात डोकावा. अपूर्णांक इकडे-तिकडे सारखेच!

मला विचाराल तर तुमच्या कामाचं खरं ठिकाण ‘स्टोरीवीव्हर’. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या या मोफत संग्रहात अनेक गोष्टी मराठीत आहेत, कन्नडमध्येही. चित्रं तीच, मजकूर दुसरा. पोरं आधी मराठीत वाचतील, मग त्याच चित्रांच्या आधाराने कन्नड लावतील. वाचनाच्या चार पातळ्या आहेत. पहिलीपासूनच सुरुवात करा, इयत्ता कुठलीही असो. छापून वाटायलाही मुभा आहे.

विज्ञान-गणितासाठी खेळणीकार अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. उदाहरणार्थ, काड्यापेटीतल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायला लावा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. हे एकदा मोबाइलवर पाहून घेतलं की वर्गात पडदा नको, नेटही नको.

बाकीचं घरी किंवा बसवकल्याणला रेंज असेल तिथे उतरवून पेनड्राइव्हवर न्या.