इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीची निवड : ग्रामपंचायतींसाठी काही कसोट्या

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाची उभारणी १६६४ मध्ये सुरू झाली. त्या काळच्या राजपत्रांच्या माथ्यावर मुद्रा व अखेरीस मोर्तब उमटविले जाई. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबानंतर मजकुरात भर घालता येत नसे. आजच्या इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीकडूनही याच दोन गोष्टींची अपेक्षा आहे.

मालवण, देवगड, वेंगुर्ले भागातील असंख्य चाकरमानी मुंबईत असतात. पूर्वी सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी त्यांना गावची वाट धरावी लागे. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि ही पायपीट वाचली. ग्रामपंचायतींचे व्यवहारही आता याच मार्गाने होऊ लागले आहेत. म्हणूनच योग्य पद्धतीची निवड अगत्याची ठरते.

कायद्याच्या चार कसोट्या

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५ ने अशा स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली. विश्वासार्ह स्वाक्षरीच्या कसोट्या कलम ३-अ मध्ये आहेत. त्यांचा सारांश असा :

१. स्वाक्षरीचे साधन त्या एकाच व्यक्तीशी निगडित असावे.
२. स्वाक्षरी करतेवेळी ते तिच्याच ताब्यात असावे.
३. स्वाक्षरीत नंतर केलेला बदल उघड व्हावा.
४. मजकुरात नंतर केलेला बदलही उघड व्हावा.

सहीचे छायाचित्र काढून दस्तऐवजावर चिकटविणे यांपैकी एकाही कसोटीस उतरत नाही. ते चित्र कोणीही उचलून दुसरीकडे लावू शकतो.

दोन मार्ग

पहिला मार्ग प्रमाणपत्राचा. प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांचा परवाना असलेल्या संस्थेकडून ते घ्यावे लागते. स्वाक्षरीची गुप्त किल्ली एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते व ती पिन दिल्यावरच चालते. नित्य अनेक दस्तऐवजांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यास हा मार्ग सोयीचा.

दुसरा मार्ग आधारवर आधारित ई-साइनचा. त्यास २०१५ मध्ये मान्यता मिळाली. क्वचित सही करणाऱ्या नागरिकास तो सुलभ आहे. मात्र ओटीपीसाठी मोबाइल संपर्क हवा. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या वाड्यांनी हे ध्यानी घ्यावे.

प्रत्येक दस्तऐवजास हे मार्ग चालत नाहीत. उदाहरणार्थ, मृत्युपत्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

किल्ली कोणाच्या हाती?

पद्धत कितीही उत्तम असली तरी टोकन व पिन संगणकचालकाकडे सोपविल्यास दुसरी कसोटी तेथेच ढासळते. निधीच्या प्रदानासाठी सरपंच व सचिव अशा दोघांच्या स्वाक्षऱ्या ठेवण्यात हेतू हाच, की एकाने दुसऱ्याचे काम पडताळावे. दोन्ही टोकन एकाच खणात पडून असतील, तर ही पडताळणी नावापुरतीच उरते. किल्ली जपण्याची जबाबदारी कलम ४२ ने प्रमाणपत्रधारकावर टाकली आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळविणे बंधनकारक आहे.

ग्रामस्थांनाही एक गोष्ट समजावून द्यावी. डिजिटल स्वाक्षरी संगणकीय प्रतीत असते, छापील कागदात नव्हे. म्हणून छापील उताऱ्याची खातरजमा त्यावरील पडताळणी क्रमांकावरून करावी.

साधन बदलले, तरी सहीचा अर्थ बदललेला नाही. सही ज्याची, उत्तरदायित्वही त्याचेच.