दोष शोधावा कसा?

(यंत्र बिघडले की आपण घाबरून जातो. परंतु शांतपणे आणि क्रमाने विचार केला, तर दोष सापडतो. मोटारसायकलच्या दुरुस्तीचा असा एक अनुभव लेखकाने या पाठात सांगितला आहे.)

जुलै महिना होता. रात्रभर पाऊस पडत होता. कांदिवलीला आमच्या चाळीसमोर माझी जुनी मोटारसायकल उघड्यावर भिजत उभी होती. सकाळी ती सुरू झाली. पण आकुर्ली रोडवर येताच अडखळू लागली. मध्येच झटके देई, मध्येच बंद पडे. एका गॅरेजवाल्याने नुसता आवाज ऐकून सांगितले, "इंजीन उघडावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून माझा चेहरा उतरला. तो माझा अर्धा पगार होता!

गाडी ढकलत मी ओळखीच्या एका चाचांकडे नेली. त्यांच्या हाताखाली आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी काम शिकत होता. दहावीला विज्ञानात नापास झाल्यावर त्याने शिक्षण सोडले होते. मला पाहताच त्याने मान खाली घातली.

चाचांनी पान्याला हात लावला नाही. त्यांनी आधी विचारले, "मास्तर, हे कधीपासून?"

"आज सकाळपासून. काल गाडी चांगली चालत होती."

"इंजीन काही एका रात्रीत झिजत नाही," चाचा म्हणाले. "इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. आधी या तीन गोष्टी पाहू."

चार स्ट्रोकचे इंजीन जर्मनीतील निकोलाउस ओट्टो यांनी 1876 साली तयार केले. अशा इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते. इंजीन मिनिटाला 1400 फेऱ्या घेत असेल, तर इंधन 700 वेळा पेटते. त्यांतले काही पेटणे चुकले, की इंजीन अडखळते. गॅरेजमध्ये याला 'मिसिंग' म्हणतात.

मुलगा म्हणाला, "चाचा, प्लग, फिल्टर, सगळेच बदलून टाकू."

"मग दोष कशात होता, हे तुला कळणार कसे? एका वेळी एकच गोष्ट!"

इंजीन थंड झाल्यावर त्यांनी प्लग काढला. त्याचे टोक फिकट तपकिरी होते. त्यावर काळी काजळी असती, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी असा अर्थ झाला असता. तरीही खात्रीसाठी त्यांनी नवा प्लग लावून पाहिला. मिसिंग तसेच राहिले. म्हणून जुना प्लग परत बसवला. मग एअर फिल्टर पाहिला. तो कोरडा आणि स्वच्छ होता.

आता पेट्रोल उरले. जवळपास कोणी विडी ओढत नाही ना, हे चाचांनी पाहिले. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून त्यांनी आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले. बाटली जरा वेळ स्थिर ठेवली. तळाशी एक वेगळा थर दिसू लागला. ते पाणी होते!

"सर, पाणी खालीच का बसते?" मुलाने हळूच विचारले.

मी म्हणालो, "एक लिटर पाणी सुमारे एक किलो भरते. एक लिटर पेट्रोल सुमारे पाऊण किलोच भरते. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते. पाणी फार झाले, की दोन्ही मिळून तळाशी जातात."

"म्हणजे घनता! सर, हाच प्रश्न मला परीक्षेत आला होता," तो म्हणाला.

पण चाचांचे काम संपले नव्हते. "पाणी आले कुठून?" त्यांनी टाकीचे झाकण उघडले. झाकणाचे रबर चिरले होते. टाकी रिकामी करून पुसली, नवे रबर बसवले आणि ताजे पेट्रोल भरले. इंजीन एका लयीत चालू लागले. खर्च आला तो रबराचा, पेट्रोलचा आणि मजुरीचा.

एप्रिल 2020 पासून नव्या मोटारसायकली बीएस-6 नियमांप्रमाणे बनतात. त्यांपैकी बहुतेकींत कार्बोरेटर नसतो. बिघाड झाला, तर इंजिनाचा दिवा लागतो. पण दिवा फक्त इशारा देतो. कारण माणसालाच शोधावे लागते.

निघताना मुलगा माझ्या मागे आला. "सर, परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा?"

पुढच्या मार्चमध्ये तो परीक्षेला बसला. या वेळी त्याची मान ताठ होती.

शब्दार्थ : अडखळणे - अटकत चालणे. झिजणे - वापरून कमी होणे. काजळी - धुराचा काळा थर. घनता - ठरावीक जागेत मावणारे वस्तुमान. इशारा - सूचना.

स्वाध्याय
1. चाचांनी पहिला प्रश्न कोणता विचारला? का?
2. 'एका वेळी एकच गोष्ट' असे चाचा का म्हणाले?
3. पाणी सापडल्यावरही चाचांचे काम का संपले नव्हते?
4. वाक्यात उपयोग करा : चेहरा उतरणे, मान खाली घालणे.
5. तुमच्या घरातील एखादी वस्तू बिघडली, तर दोष कसा शोधाल? पाच वाक्ये लिहा.