व्यसनमुक्तीचा उपचार : निवड आणि खर्च

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातील एक विद्यार्थी परीक्षा-शुल्क हप्त्याने भरता येईल का, असे विचारावयास आला. कारण विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. त्याचे वडील वाळूजच्या कारखान्यात कामाला. त्यांची दारू सुटावी म्हणून आईचे दागिने गहाण ठेवून त्यांना एका खासगी केंद्रात तीन महिन्यांसाठी दाखल केले होते. पैसे केंद्राने आगाऊच घेतले. वडील परत आले तेव्हा अंगाने भरले होते, बोलतही नीट होते. अठराव्या दिवशी ते पुन्हा प्याले. "आता दुसऱ्यांदा पाठवायला घरात काही राहिलं नाही, सर," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा पाठविण्याची गरज होती का, आणि पहिल्यांदा तरी होती का, हे त्या घराला कोणी सांगितले नव्हते. मानसशास्त्राच्या तासाला आपण व्यसनाची व्याख्या पाठ करतो, कारणे लिहितो. पण उपचार कोठे घ्यावा आणि त्याचे पैसे कोणी व केव्हा भरावेत, हा विषय कोणत्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच विचार करावयाचा आहे.

व्यसनाच्या उपचाराचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिला, शरीरातील नशा उतरविण्याचा. तो साधारणतः आठवडा-दहा दिवसांचा असतो. दुसरा, मनाची घडण बदलण्याचा, म्हणजे समुपदेशन, गटचर्चा आणि कुटुंबाशी बोलणे. तिसरा, पाठपुराव्याचा, तो किमान वर्ष-दोन वर्षे चालतो. आपल्याकडची कुटुंबे बहुधा सगळी पुंजी पहिल्या दोन टप्प्यांत घालतात आणि तिसऱ्यासाठी हात रिकामे ठेवतात. वस्तुतः रोग उलटण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो घरी परतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. मधुमेहाच्या रोग्याला महिनाभर रुग्णालयात ठेवून 'बरा झालास' म्हणून औषधाविना घरी धाडावे, तसाच हा प्रकार आहे.

पहिला टप्पा लहान असला तरी निष्काळजीपणे घेण्याजोगा नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर काही तासांतच हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन नसलेल्या वस्तू दिसू लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. आपल्या शहरात 'बटन' या नावाने ज्या झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या तरुणांत पसरल्या आहेत, त्यांचेही तसेच. त्या एका दिवसात तोडावयाच्या नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने कमी करावयाच्या असतात. म्हणून केंद्र निवडताना गाद्या, बाग किंवा दूरचित्रवाणी संच पाहण्याआधी एकच विचारावे : रात्री दोन वाजता झटका आला तर येथे डॉक्टर कोण येतो? 'आमच्याकडे असे होत नाही,' हे उत्तर मिळाल्यास तेथून निघावे.

मात्र प्रत्येकाला दाखल करावेच लागते, हा समज चुकीचा आहे. पूर्वी झटके वा भ्रम झालेला, दुसरा गंभीर आजार असलेला, जीव देण्याचे बोलणारा, दारूबरोबर गोळ्याही घेणारा किंवा ज्याच्याकडे पाहण्यास घरी कोणीच नाही असा रोगी असेल तर दाखल करणे श्रेयस्कर. इतर अनेकांचा उपचार बाह्यरुग्ण विभागातून, घरी राहून होऊ शकतो. आपल्या शहरात १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो. तेथे मनोविकारशास्त्र विभाग आहे. चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांची 'मिनी घाटी', सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येते आणि त्या विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाल्या आहेत. ज्याच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्याने त्या योजनेच्या डॉक्टरलाही आधी विचारावे. वर्गणी तर तो दरमहा भरतच असतो. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर घालायला घाटीत जाणारा मनुष्य तेथील मानसोपचाराच्या रांगेत मात्र उभा राहत नाही. 'कोणी पाहील' ही भीती दागिने गहाण ठेवण्याइतकी महाग पडते.

ही स्थिती केवळ आपल्या शहराची नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मागे एक.

आता खर्च भागविणाऱ्या विम्याकडे वळू. येथे एक चमत्कारिक विसंगती दिसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ मध्ये अंमलात आला. त्याच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे, आणि मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा असेही तोच कायदा सांगतो. पण विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये अपवादांची जी प्रमाणित यादी केली, तिच्यातील १२ क्रमांकाचा अपवाद मद्यासक्ती, अमली पदार्थ आणि त्यांच्या परिणामांवरील उपचारांचाच आहे. कायदा ज्याला आजार म्हणतो, त्याला पॉलिसी दारातच अडविते. म्हणून पॉलिसी आहे या भरवशावर महागडे केंद्र निवडू नये. आधी अपवादांचे पान वाचावे. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबतही, दाखल करण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्यावी.

याच कायद्याचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. व्यसनमुक्ती केंद्र म्हणून रोग्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी असावी लागते. ती पाहावयास मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही. रोग्याचे सक्तीने मुंडण करणे, साखळीने बांधणे, त्याला जबरदस्तीने कामाला जुंपणे हे सारे त्यात निषिद्ध आहे. काही ठिकाणी घरच्यांनी दूरध्वनी करताच रात्री गाडी येते आणि झोपलेल्या माणसाला उचलून नेते. कुटुंबाला तो मोठा दिलासा वाटतो, पण दोन तज्ज्ञांच्या तपासणीशिवाय असे दाखल करून घेणे कायद्यात बसत नाही. त्याखेरीज पैशासंबंधी विचारावे ते असे : दररोजचा दर किती, त्यात औषधे व तपासण्या धरल्या आहेत का, रोगी मध्येच परतला तर उरलेली रक्कम मिळते का, पावती मिळते का. भेटीला कधी येता येते आणि घरी गेल्यावर पाठपुरावा कोण करतो, हेही त्याच बैठकीत.

अमली पदार्थांच्या बाबतीत पालकांना पोलिसांची धास्ती वाटते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, अल्प प्रमाणातील पदार्थाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेऊ इच्छीत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

एसटी स्थानकाच्या आसपासच्या भिंतींवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती आपण वाचलेल्या असतील. चहात मिसळावयाच्या पुडीत काय असते हे सांगणारा कोणी नसतो. डायसल्फिराम नावाचे एक अस्सल औषध आहे. कोपनहेगन येथे हॉल्ड व याकॉब्सेन यांनी त्याचा दारूवरील उपयोग १९४८ साली पुढे आणला. ते घेऊन दारू प्याल्यास चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने दिले तर ते उपयोगी. चोरून दिले तर जीवघेणे. असो.

महाराष्ट्रात या उपचाराला घरगुती चेहरा दिला तो पुण्याच्या मुक्तांगणने. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी केलेले लेखन वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. त्याची धुरा डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मधील आपल्या निधनापर्यंत वाहिली. तेथून बाहेर पडलेल्यांतूनच समुपदेशक घडले, ही गोष्ट मला इमारतीपेक्षा मोठी वाटते. व्यसनातून उठलेल्या माणसाचे बोलणे रोगी वेगळ्या कानाने ऐकतो. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीचा पायाही हाच. तिच्या सभांना शुल्क नसते. येणाऱ्यांच्या ऐच्छिक वर्गणीवर खर्च भागतो. ज्या घराजवळ पैसे नाहीत त्यालाही तिसरा टप्पा अशा सभांच्या आधाराने चालविता येतो.

त्या विद्यार्थ्याला मी शुल्काच्या हप्त्यांसाठी कार्यालयात घेऊन गेलो, आणि तेथून आम्ही घाटीत गेलो. पहिल्या खेपेस वडील आले नाहीत. तो व त्याची आई दोघेच डॉक्टरांशी बोलले. १४४४६ हा शासनाचा व्यसनमुक्तीविषयक दूरध्वनी क्रमांक त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. तिसऱ्या खेपेस वडील आले, पण बाहेरच्या बाकावरच बसून राहिले. चौथ्या खेपेस केसपेपर त्यांच्या नावाने निघाला. मध्ये ते दोनदा प्याले आहेत. दोन्ही वेळा पुढची तारीख मात्र चुकविलेली नाही. दागिने अजून सुटावयाचे आहेत.