व्हिस्कीच्या पिंपातली रेड वाइन: गुण देण्याआधी

व्हिस्कीच्या पिंपात मुरलेली रेड वाइन म्हणजे व्हिस्की मिसळलेली वाइन नव्हे. वाइन आधी नेहमीसारखी तयार होते आणि शेवटचे काही आठवडे किंवा महिने व्हिस्की काढून घेतलेल्या ओकच्या पिंपात काढते. अमेरिकेत बर्बनला नवे, आतून जाळून काळे केलेले पिंपच लागते. कायदाच तसा आहे. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे जगभर विकली जातात; बंगळुरूच्या अमृतची सिंगल माल्टही अशा पिंपांत मुरते. वाइनचे पिंप एरवी नुसते शेकलेले असते. जळक्या लाकडातून व्हॅनिला, खोबरे, कॅरॅमल असे वास उतरतात, शिवाय लाकडात जिरलेली थोडी व्हिस्कीही उतरते. पण सगळी पिंपे सारखी नसतात. जेकब्स क्रीकच्या डबल बॅरलमधली शिराझ स्कॉचच्या पिंपातून येते, कॅबर्ने सोव्हिन्यॉ आयरिश व्हिस्कीच्या. ही पिंपे बहुधा आधी बर्बनला वापरून झालेली असतात, म्हणून व्हॅनिलाचा जोर कमी.

गुण देणारा फसतो तो या गोड वासापायी. प्रस्तुत लेखकाने बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका फ्लॅटवर हे पाहिले आहे. एप्रिलातली संध्याकाळ, बाटली ओट्यावर, देवघरात नुकतीच लावलेली उदबत्ती. पहिल्या घोटाला सगळ्यांनी शंभरात नव्वदच्या वर दिले. पाने वाढेपर्यंत तीच वाइन घसा जाळू लागली आणि द्राक्ष कुठे गेले ते कुणाला सांगता येईना. ताटातल्या ठेच्याने तर आगीत तेलच ओतले.

रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड युरोपातल्या घरांचा. बंगळुरूच्या उन्हाळ्यात बाटली फ्रीजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणावी. मद्यांश 14 टक्क्यांच्या पुढे असेल तर हे टाळूच नये, कारण गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात आधी शिरते. उदबत्ती, अत्तर आणि तिखट नंतर.

शंभराच्या पट्टीत पहिले पन्नास गुण निव्वळ हजेरीचे असतात. नवख्याला डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची 20 गुणांची पट्टी बरी, कारण तिच्यात वास, आम्लता, चव यांचे गुण वेगळे पडतात आणि नुसता व्हॅनिला सगळे गुण लाटू शकत नाही. शेजारी साधी ओकमधली वाइन ओतून ठेवावी; नंदी हिल्सच्या पायथ्याची ग्रोव्हरची ला रिझर्व्ह चालेल. दोन्हींतला फरक हा पिंपाचा वाटा, असे ढोबळमानाने धरता येते, द्राक्षे वेगळी असली तरी.

पहिल्या घोटाला आकडा लिहूच नये. पेला वीस मिनिटे ठेवून पुन्हा चाखावा: फळ अजून कळते का, आंबटपणा जिवंत आहे का, गिळल्यावर तोंडात वाइन राहते की नुसते लाकूड. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी फक्त कॅरॅमल शिल्लक असेल तर आदल्या दिवशीचे दोन गुण काढून घ्यायला हरकत नाही.