बुडी, दडे आणि कानाचा पडदा

दिवाळीची सुटी आणि मे महिना हे दोन हंगाम आटोपले की कान धरून दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांमध्ये अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. ही मंडळी मालवण-तारकर्लीला जाऊन आलेली असतात. पूर्वी वाशीमहून कोकणात सहल काढायची म्हणजे मोठेच काम होते. आता समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगाववरून गेला, घरोघरी गाड्या आल्या. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला की तोंडात हवेची नळी धरून समुद्राखालचे मासे पाहण्याची हौसही आपले लोक भागवू लागले. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. हौस चांगली आहे, तिला माझा विरोध नाही. पण कपडे, चष्मे, मोबाईलचे पाण्यात न भिजणारे पाकीट यांची तयारी महिनाभर चालते आणि ज्या अवयवाला पाण्याखाली सर्वांत आधी त्रास होतो त्या कानाची चौकशी कोणीच करीत नाही.

ज्यांना समुद्रावर जायचे नाही त्यांनी हे पान उलटू नये. आपल्याकडची पोरे कमरेला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात आणि एकदा भोपळा सुटला की काठावरून मुटके मारतात, पैज लावून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येतात. गाळ काढणारे ते पोर आणि तारकर्लीचा पर्यटक यांच्या कानाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. उलट पर्यटकाजवळ एक जाणकार माणूस असतो, पोराजवळ तोही नसतो.

पाण्याखाली कानाला दोन वेगवेगळे धोके असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक धोका दाबाचा, तो पाण्यात असतानाच होतो. दुसरा ओलाव्याचा, तो बाहेर आल्यावर दोन-तीन दिवसांनी जाणवतो. आधी दाबाचे पाहू.

कानाच्या बाहेरच्या बोळाच्या टोकाशी, सुमारे एक इंच आत, एक पडदा ताणून बसवलेला आहे. त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. पडद्यापलीकडे हवेने भरलेली एक लहानशी खोली आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. या खोलीला एकच खिडकी आहे. ती म्हणजे नाकाच्या मागे घशात उघडणारी सुमारे दीड इंचाची नळी. तिला युस्टेशियन नलिका असे नाव आहे. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. घाट उतरताना एसटीत कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ‘फट्’ होऊन मोकळे वाटते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. ते काम या नळीचे.

घाटात दाब हळूहळू बदलतो. पाण्यात तो झपाट्याने बदलतो, कारण पाणी हवेपेक्षा कितीतरी जड आहे. आपल्या डोक्यावरच्या साऱ्या वातावरणाचा जेवढा दाब, तेवढाच आणखी एक दाब अवघ्या 33 फूट पाण्याने पडतो. म्हणजे 33 फुटांवर दाब दुप्पट, आणि मध्यकर्णातली हवा आकुंचन पावून निम्म्या जागेत मावू पाहते. ती जागा कशाने भरणार? पडदा आत ओढला जातो, आतल्या त्वचेला सूज येते, रक्त झिरपते आणि तरीही खाली जात राहिले तर पडदा फाटतो. नवशिक्यांना फारसे खोल नेत नाहीत, म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. परंतु कानाच्या दृष्टीने पहिले काही फूटच सर्वांत वाईट. चारेक फुटांच्या पाण्यातच बाहेरचा दाब इतका वाढतो की मिटलेली नळी गच्च दाबली जाते आणि नुसता आवंढा गिळून उघडत नाही. विहिरीच्या तळाशी जाणाऱ्या पोराच्या कानात ‘सुई टोचल्यासारखे’ होते ते यामुळेच.

यातून निघणारा नियम असा, की कान दुखायला लागल्यावर उपाय करायचा नसतो, दुखण्यापूर्वी करायचा असतो. पाण्यात उतरण्याआधी काठावरच एकदा, मग डोके बुडताच, आणि पुढे दर दोन-तीन फुटांना. नाकपुड्या चिमटीत धराव्या, तोंड मिटावे आणि नाक शिंकरल्यासारखी हलकी हवा दाबावी. दोन्ही कानांत बारीक ‘टक्’ झाले की पुरे. तोंडात हवेची नळी असेल तर ओठ तिच्याभोवती आवळून हेच करता येते. ही युक्ती वालसाल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने 1704 साली कानावर ग्रंथ लिहिला आणि त्यात ती दिली. गंमत अशी की तेव्हा तिचा उपयोग पाणबुड्यांसाठी नव्हता, कानातला पू बाहेर काढण्यासाठी होता. ज्यांना ती जमत नाही त्यांनी नाक चिमटीत धरून आवंढा गिळून पाहावा. कित्येकांना ते अधिक सोपे जाते.

येथे ‘हलकी’ या शब्दावर माझा भर आहे. कान उघडत नाही म्हणून चेहरा लाल होईस्तोवर जोर लावणारे लोक असतात. अशा जोराने मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण यांच्यामधली नाजूक झडप फाटू शकते. पडदा फाटला तर पुष्कळदा भरून येतो. अंतर्कर्ण दुखावला तर ऐकू येणे कायमचे जाऊ शकते, कानात अखंड शिटी वाजत राहते, चक्कर पाठ सोडत नाही. तेव्हा कान उघडला नाही तर दोन-तीन फूट वर यावे, पुन्हा हलका प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर त्या दिवशीची बुडी सोडून द्यावी. पैसे भरलेले असतात, बायको-मुले नावेतून पाहत असतात, चित्रफीत निघायची असते, हे मला समजते. पण एवढ्यासाठी कान देऊ नये. उतरताना डोके वर आणि पाय खाली ठेवावे. उलटे सूर मारून जाणाऱ्याची नळी अधिक अवघडते. दोरी असेल तर तिला धरून हळूहळू सरकावे.

खुणांचा एक घोटाळा सांगून ठेवतो. पाण्याखाली बोलता येत नाही. जमिनीवर आपण ‘सगळे छान’ म्हणून अंगठा वर करतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. कान दुखत असेल तर पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे डोलवायचा आणि मग बोटाने कान दाखवायचा. ही खूण काठावरच सोबतच्या माणसासमोर करून पाहावी.

सर्दी असताना पाण्याखाली जाऊ नये. नळीचे तोंड सुजलेले असते, हवा जात नाही. मग काहीजण नाकात थेंब टाकून किंवा सर्दीची गोळी घेऊन उतरतात. मला हा प्रकार अधिक घातक वाटतो. औषधाने नळी उघडते, माणूस खाली जातो, औषधाचा अंमल तिथेच ओसरतो आणि वर येताना फुगू लागलेली हवा आत कोंडली जाते. खाली जाणे टाळता येते, वर येणे टाळता येत नाही. कानात बोळे किंवा रबरी बुचे घालून बुडी मारणेही चूक, कारण बूच आणि पडदा यांच्यामध्ये हवेचा आणखी एक बंद कप्पा तयार होतो.

विहिरीच्या काठावरून उंच उडी मारताना कान सपाट पाण्यावर आपटला तरी पडदा फाटतो. थप्पड बसल्यासारखाच तो प्रकार आहे.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे ‘कान फुटलेली’ मुले पुष्कळ. लहानपणी सर्दीतून कान वाहू लागतो, आई कापूस घालते, मोठा झाला की आपोआप थांबेल म्हणून वर्षे जातात. पाणी थांबते, पण पडद्याचे भोक तसेच राहते. असे मूल विहिरीत बुडी मारते तेव्हा गार पाणी भोकातून थेट मध्यकर्णात शिरते. त्याच्या पलीकडेच शरीराचा तोल सांभाळणारे यंत्र आहे. त्याला एका बाजूने अचानक गारवा लागला की भोवळ येते आणि सारे गरगर फिरू लागते. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या हे ध्यानात आले ते रुग्णांचे कान धुताना. पाणी फार गार किंवा फार गरम असले की रुग्णाला चक्कर येई, कोमट असले की येत नसे. या यंत्रावरील संशोधनासाठी त्यांना 1914 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दवाखान्यातल्या खुर्चीवर चक्कर आली तर रुग्ण हात धरतो. पाण्याखाली आली तर वर कुठे आणि खाली कुठे हेच समजत नाही. पट्टीचा पोहणारा बुडाला कसा, असा प्रश्न गावात विचारला जातो तेव्हा त्याचे एक संभाव्य उत्तर हे असू शकते.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे की ज्या मुलाचा कान कधीही वाहिला आहे त्याला पोहायला सोडण्यापूर्वी पडदा तपासून घ्यावा. दुर्बिणीने पाहायला दोन मिनिटे पुरतात, दुखत नाही. मालवणलाही एक अर्ज भरून घेतात, त्यात कानाच्या जुन्या दुखण्याविषयी प्रश्न असतो. घाईत सर्वत्र ‘नाही’ लिहून सही करण्याची आपली सवय येथे नडते.

दुसरा धोका ओलाव्याचा. कानातला मळ हा घाण नसून संरक्षक मलम आहे. तो किंचित आंबट असतो, त्यामुळे जंतू आणि बुरशी वाढत नाही. तासन्‌तास पाण्यात राहिले की हे मलम धुपते, बोळाची कातडी भिजून फुगते आणि त्यातच आपण किल्ली, केसांची पिन, काडेपेटीची काडी घालून ओरखडा काढतो. मग तळ्यातल्या, धरणातल्या, पोळ्याच्या दिवशी बैल धुतो त्या गढूळ पाण्यातल्या जंतूंना दार उघडे. आधी खाज, मग ठणका. कानाची पाळी ओढली किंवा कानासमोरचे कूर्चेचे टोक दाबले की कळ येते, ही त्याची ओळख. पावसाळ्यात बुरशीचे प्रमाण वाढते. दुर्बिणीतून पाहिले तर ओल्या वर्तमानपत्राचा लगदा कोंबल्यासारखे दिसते, त्यावर काळे ठिपके. वैद्यकीय पुस्तकांतही हीच उपमा आहे.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे लसूण टाकून कढवलेले तेल. आजीबाईंचा मान राखूनही मला हे सांगावे लागते की ओल्या कानात तेल घालू नये. ते ओलावा कोंडून ठेवते आणि पडद्याला भोक असेल तर आतच जाते. जत्रेत कान कोरणाऱ्यांपुढे बसणेही टाळावे.

करायचे ते अगदी साधे आहे. पाण्याबाहेर आल्यावर गोड्या स्वच्छ पाण्याने डोके धुवावे. मान एका बाजूला कलती करून पाळी मागे-वर ओढावी, पाणी आपोआप गळते. मग दुसरी बाजू. टॉवेलच्या कोरड्या टोकाने बाहेरूनच टिपावे. केस वाळवण्याचे यंत्र घरी असेल तर ते मंद करून हातभर अंतरावरून मिनिटभर धरावे. जे रोज पोहतात आणि ज्यांना वारंवार हा त्रास होतो, त्यांना आम्ही सौम्य असेटिक आम्लाचे थेंब देतो. व्हिनेगारमधले आम्ल तेच. त्याने बोळाचा आंबटपणा टिकून राहतो. अमेरिकेच्या नौदलात दीर्घकाळ खोल पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्यांना हे थेंब घालून प्रत्येक कान पाच मिनिटे तसाच धरायला लावतात, नुसता टाकून ओतून देत नाहीत. पण पडदा शाबूत आहे याची खात्री झाल्याशिवाय हे थेंब घालू नयेत, आणि घरी व्हिनेगारच्या बाटलीवर प्रयोग करू नयेत.

मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाचा कान दुखू लागला आणि रात्री झोप येईना, तर ‘पाणी गेले असेल’ म्हणून आठवडा काढू नये. हा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पसरू शकतो.

बुडीनंतर कानातून रक्त आले, एकदम कमी ऐकू येऊ लागले, शिटी वाजू लागली किंवा चक्कर येऊ लागली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अंतर्कर्ण दुखावला असेल तर उपचाराला दिवस मोजकेच असतात. वाशीमचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते गाठावे. किती खोल गेलो होतो, दुखणे उतरताना सुरू झाले की वर येताना, हे आठवून सांगावे. नुसता पडदा फाटला असेल तर घाबरू नये. लहान भोक कोरडे ठेवले तर बहुधा काही आठवड्यांत स्वतःच भरून येते. त्या काळात मनाने कोणतेही थेंब घालू नयेत, नाक जोराने शिंकरू नये.

‘मुलाचा कान वाहतो, मग त्याने आंघोळही करू नये काय?’ असे एका भगिनीने विचारले आहे. आंघोळ जरूर घालावी. कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडाशी बसवावा, आत खोल कोंबू नये आणि आंघोळ होताच काढून टाकावा. हा बोळा तांब्याने घेतलेल्या पाण्यापुरता आहे, विहिरीसाठी नाही. पोहायचे असेल तर पडद्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. तिच्यानंतर पाण्यात केव्हा उतरायचे हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पडदा पाहून सांगितल्यावरच ठरवावे.