कोणते गणित कोणत्या कामाला?



वारंगा फाट्यावर उभा असलेला माणूस आधी कुठं जायचं ते ठरवतो, मग हिंगोलीची, नांदेडची नाहीतर हदगावची गाडी धरतो. पाण्याच्या हिशेबाचेही तसेच आहे. काम न ठरवता सूत्र धरले की फसगत ठरलेली.

समजा, २५ एकर माळाचे पाणी तळ्यात अडवून सुरू ऊस लावायचा आहे. वर्षाचा पाऊस ८० सें.मी. धरू. तळ्यात पाणी किती येईल? मुंबई इलाख्यातील अभियंते इंग्लिस व डिसूझा यांनी १९२९ च्या सुमारास यासाठी दोन सूत्रे दिली.

१) घाट भाग : पावसाला ०.८५ ने गुणून ३०.५ वजा करा. उत्तर ३७.५ सें.मी.

२) पठारी भाग : पावसातून १७.८ वजा करा, उरलेल्याला पावसाने गुणा व २५४ ने भागा. उत्तर १९.६ सें.मी.

पाऊस तोच, पाणी जवळपास निम्मे! सुरू उसाला ढोबळमानाने २५० सें.मी. पाणी धरले, तर पहिल्या हिशेबाने पावणेचार एकर ऊस दिसतो. दुसऱ्याने दोन एकरही पुरते भरत नाहीत. आपला मुलूख पठारी, तेव्हा दुसरेच सूत्र आपले. पहिल्याच्या भरवशावर जादा लावलेला ऊस उन्हाळ्यात डोळ्यांदेखत वाळेल आणि कर्ज तेवढे हिरवे राहील.

आता पाऊस ५० सें.मी.च झाला तर? येणारे पाणी ६.३ सें.मी., म्हणजे जेमतेम २५ गुंठ्यांपुरते. पाऊस निम्म्यावरसुद्धा आला नाही, पण पाणी तिसऱ्या हिश्शावर आले. म्हणून लागण सरासरीवर नव्हे, कमी पावसाच्या वर्षावर बेतावी. शिवाय पाझर आणि उन्हाने उडणारे पाणी वेगळेच.

पण हेच सूत्र सांडव्याला लावू नका. बांध फोडतो तो वर्षाचा पाऊस नव्हे, तासाभराची ढगफुटी. तिथे पावसाचा तासाचा जोर, माळाचे क्षेत्र आणि जमिनीवरून पाणी वाहून जाण्याचे प्रमाण यांचा गुणाकार करतात.

आणखी एक. ही सूत्रे मोठ्या पाणलोटांच्या मोजमापांवरून बसवलेली आहेत. २५ एकरांना ती अंदाज देतात, हमी नाही. तळ्यात खुणेची पट्टी रोवा, दर पावसाला पाणी लिहून ठेवा. दोन-चार वर्षांत तुमच्या माळाचे गणित तुमच्याच वहीत तयार होईल. आम्हाला वाटते, लागणीआधी एवढे तरी करावेच.